नाच शिकावा कुणापाशी?

परदेशी गेल्यावर टँगो शिकायचा, तर चांगला गुरू कसा ओळखावा? भामरागडच्या रानातल्या पोराला ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. पण उत्तर मला घरच्या अंगणातच मिळाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिलीपासून आश्रमशाळेत राहिलो. घरचा नाच अंगात उतरलाच नाही. गेल्या स्नेहसंमेलनात आम्ही मोबाईलवर पाहून 'रेला' बसवला. टाळ्या भरपूर पडल्या. सुट्टीत तोच आजीला दाखवला. ती हसून माडियात म्हणाली, "तू बघणाऱ्यांसाठी नाचतोस. शेजारच्याचे पाऊल कोण ओळखणार?" त्या रात्री तिने मला रांगेत उभे केले. कमरेभोवती शेजाऱ्यांचे हात पडले आणि चुकलेले पाऊल माझे मलाच कळले.

टँगोही ब्वेनोस आयरेस आणि मॉन्टेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत वाढला. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. पर्यटकांसाठी तिथे रंगमंचावर झगमगाट असतो. पण तिथली माणसे स्वतःसाठी नाचतात ती 'मिलोंगा' नावाच्या मेळ्यात, दाटीवाटीत, एकमेकांना सांभाळत. पाहुण्याने आधी तिथे बसून पाहावे आणि त्या नाचणाऱ्यांतूनच गुरू निवडावा.

आजीला अक्षरओळख नाही, म्हणून मी तिला कधी गुरू मानले नाही. ही लाज माझी. मित्रहो, पुढच्या संमेलनात रेला बसवायचा असेल, तर गावातल्या अशा एखाद्या आजीला मानाने बोलवा. तिला खुर्ची द्या, मानधनही द्या.