मेलो तर मरू द्या!

गेल्या पावसाळ्यात माझा मांत्रिक मरायला हवा होता. तो मेला नाही. त्याचा राग अजून गेला नाहीये, म्हणून हे लिहितोय.

आमचं शनिवारचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं टेबल. चार खेळाडू आणि पाचवा डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, राक्षसांच्या वतीने फासे टाकणारा. पहिल्याच गुहेत एक लाकडी पेटी दिसली. पेटीला कुणाचा तरी कोपरापासून तुटलेला हात चिकटलेला. डीएमने हे दोनदा सांगितलं. खेळ माहीत असणाऱ्याला एवढ्यावरून कळतं की ही पेटी नाही, मिमिक आहे. मिमिक म्हणजे वस्तूचं रूप घेऊन दबा धरून बसणारा, डिंकासारखा चिकट प्राणी. मला कळलं होतं. पण माझ्या मांत्रिकाला कुठून कळणार? तो बिचारा पुस्तकी किडा, त्यात हावरट. मी म्हणालो, "मी पेटीला कान लावून आत काही वाजतंय का ते ऐकतो."

सगळे खो खो हसले. डीएमने आपल्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकला. नेमका मी चिवड्याच्या डब्यासाठी उठलो होतो, त्यामुळे मला तो दिसला. वीस! हल्ल्याच्या फाशावर वीस पडले की वार लागतोच, वर इजेचे फासे दुप्पट. माझ्या पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाकडे हिट पॉइंट्स सात. डीएम गोड हसून म्हणाला, "थोडक्यात वाचलास. फक्त टोपी गेली."

टोपी!

डीएम माझा जुना मित्र आहे, त्याने हे प्रेमापोटी केलं, सगळं मान्य. पण हवं ते दान पाडणाऱ्याला आपल्याकडे शकुनी म्हणतात. प्रेमळ शकुनी हाही शकुनीच. शकुनीने निदान पांडवांना हरवलं तरी. याने मला जिंकवलं, आणि तेच जास्त वाईट. कारण पुढे सहा महिने मी प्रत्येक जखमेकडे संशयाने बघत राहिलो. डिसेंबरात आम्ही एक ड्रॅगन मारला. बाकीचे तिघं खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते, शेजारच्यांनी दार वाजवलं. मी मात्र बसून विचार करत होतो की हा खरंच मेला, की आम्हाला मारून दिला?

या खेळात लोक वर्षानुवर्षं काय आठवतात बघा. विजय नाही आठवत. फजिती आठवते. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमुळे व्हेक्ना हे नाव तुम्हाला माहीत असेल. ते डीअँडडीमधूनच उचललेलं. मूळ खेळात या व्हेक्नाचा हात आणि डोळा अशा दोन जादुई वस्तू आहेत. शक्ती हवी तर आधी स्वतःचा हात तोडायचा, डोळा काढायचा आणि तिथे व्हेक्नाचा बसवायचा. नव्वदच्या दशकापासून खेळाडूंमध्ये फिरत असलेला एक किस्सा असा, की एका टोळीने दुसरीला फसवायला अफवा उठवली: व्हेक्नाचं डोकंही आहे म्हणे! दुसरी टोळी जिवावर उदार होऊन ते शोधायला गेली. मिळाल्यावर 'माझं मुंडकं आधी उडवा' म्हणून आपसात भांडली. एकाचं उडवलं. काही झालं नाही. मग, पहिल्या वेळी आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं ठरवून दुसऱ्याचं उडवलं.

आता कल्पना करा, तिथे आमचा डीएम असता. कुऱ्हाड उचलल्यावर तो म्हणाला असता, "तुला आतून एक आवाज येतो, हे करू नकोस." संपला किस्सा. हा मूर्खपणा दर्जेदार आहे, कारण तो पूर्णपणे त्या खेळाडूंचा आहे. त्यांनीच ठरवलं, त्यांनीच मान पुढे केली, आणि जग खरं वागलं.

म्हणूनच दुसऱ्या टोकाच्या डीएमवरही माझा तितकाच राग आहे. हे महाशय फजिती विकत आणतात. पाचव्या आवृत्तीच्या नियमात हल्ल्याच्या फाशावर एक पडला तर वार चुकतो. बस, एवढंच. पण यांच्याकडे घरगुती 'फंबल' तक्ता असतो: तलवार निसटली, धनुष्याची दोरी तुटली, स्वतःच्याच पायावर वार बसला. लोक हसतात. आता गणित बघा. खेळातला योद्धा जितका मुरत जातो तितके त्याला एका पाळीत जास्त वार मिळतात. विसाव्या लेव्हलला चार. चार फाशांत निदान एकदा एक पडण्याची शक्यता १८ टक्क्यांहून जास्त. नवशिक्याला एकच वार, म्हणजे ५ टक्के. थोडक्यात, जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज शिकाऊ पोरापेक्षा तिपटीहून जास्त वेळा तलवार पाडतो. याला विनोद म्हणायचं?

एका वन-शॉटला एक मुलगी पहिल्यांदा खेळायला आली होती. पाचव्या लेव्हलची योद्धा, घरून कॅरॅक्टरचं चित्र काढून आणलेलं. रात्रभरात तिची तलवार तीनदा पडली, एकदा विहिरीत. तिने एकही मूर्ख निर्णय घेतला नव्हता. सगळ्यात शहाणी तीच खेळत होती. आम्ही सगळे हसलो, मीही. ती पुन्हा आली नाही.

फरक इथेच आहे. वाइल्ड मॅजिकवाला सॉर्सरर खेळणारा माणूस २०१४च्या नियमपुस्तकातला तक्ता वाचून, सही करून आत येतो. त्या तक्त्यात स्वतःभोवतीच फायरबॉल फुटणं आहे आणि काही क्षण कुंडीतलं रोप होणंही आहे. तो भर लढाईत रोप झाला तर खुशाल हसा, कुंडीला पाणी घाला. ती फजिती त्याने मागून घेतलेली आहे. त्या मुलीने मागितली नव्हती. माझी तर मी हात जोडून मागत होतो.

"पण नवीन माणसाचं कॅरॅक्टर फुकट मेलं तर?" हा प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही. १९७४ साली डेव्ह आर्नेसनच्या जोडीने हा खेळ आणणाऱ्या गॅरी गायगॅक्सने १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये त्यावर लिहिलंय. सगळं नीट करूनही केवळ फाशामुळे कुणी मरत असेल तर डीएमने हवं तर त्याला मरणाऐवजी बेशुद्ध करावं, एखादा अवयव घालवावा. मात्र खेळाडूने मूर्खपणा केला असेल, तर फासे पडतील तसे पडू द्यावेत. पेटीला कान लावणं कुठल्या खात्यात मोडतं हे मी सांगायला नको.

आठवडाभर आम्ही सगळे ऑफिसात ईमेल तीनदा वाचून पाठवणारे लोक आहोत. शनिवारी चार तास तरी मला मनसोक्त चुकू दे की रे बाबा.

हे सगळं मी डीएमला सांगितलं. तो आधी रुसला, मग म्हणाला, "पडदा काढतो, उघड्यावर टाकतो फासे. पण मग रडायचं नाही." माझा मांत्रिक आता सहाव्या लेव्हलला आहे. शनिवारी आम्ही त्याच गुहेतून परत चाललोय, आणि पेटी अजून तिथेच आहे. दोन्ही कान शाबूत आहेत. डावा लावावा म्हणतोय.