पडदा आत, ऊन बाहेर

घराला पडदे घ्यायचे म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा. सोफ्याला कुठला जाईल, भिंतीला कुठला जाईल, वगैरे. पुण्या-मुंबईत ठीक आहे हो. नागपुरात मात्र पहिला प्रश्न खिडकी कुठल्या दिशेला आहे हा असायला हवा. दुसरा प्रश्न, खोलीत कूलर आहे की एसी. रंगाचा नंबर त्यानंतर. माझं हे मत घरात कुणालाच मान्य नाही, म्हणून इथे लिहितोय. :)

आधी दिशेचं बघू. नागपूर साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे ऐन नवतप्यात, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे सरकतो. उगवतो पूर्वेच्या जरा उत्तरेला, मावळतो पश्चिमेच्या जरा उत्तरेला. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत थेट ऊन येतच नाही! मार खातात त्या पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या. त्यातही पश्चिमेची जास्त, कारण दुपारी तीन-चारला ऊन तिच्यातून आत घुसतं तेव्हा भिंती, स्लॅब सगळंच आधी तापलेलं असतं. डिसेंबरात उलट. दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंश उंचीवर असतो, तेव्हा हीच दक्षिणेची खिडकी खोलीभर छान कोवळं ऊन देते. आणि आपण काय करतो? हॉल दक्षिणेला आहे, पाहुणे तिथेच बसतात, म्हणून सगळ्यात जाड आणि महाग पडदा तिथे लावतो. पश्चिमेच्या बेडरूमला उरलेलं कापड.

इतवारी-गांधीबागेत फिरलो तेव्हा एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "काहून विचार करता जी? ब्लॅकआऊटच घ्या ना, सगळे तेच घेऊन राहिले." त्याचा धंदा आहे, त्याचं काही चुकलं नाही. पण ब्लॅकआऊट अंधार करतो, गारवा नाही. काचेतून ऊन आत येतं, पडदा ते शोषून घेतो, तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काच तिला सहज बाहेर जाऊ देत नाही. मागच्या बाजूला पांढरं अस्तर असेल तर थोडं ऊन परतून जातं, नसेल तर गडद रंगाचा पडदा म्हणजे खिडकीला टांगलेला हीटर. दिवसा झोपणाऱ्यांनी ब्लॅकआऊट जरूर घ्यावा (मिहानमधल्या नाईट शिफ्टवाल्यांना माझा पूर्ण पाठिंबा). पण तो झोपेसाठी घ्या, उन्हासाठी नको.

ऊन अडवायचं तर ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं. यात नवीन काही नाही. स्पेन-इटलीत खिडकीच्या बाहेर झडपा असतात, लोक दुपारी त्या बंद करून बसतात. जपानात बांबूचे पडदे छज्जाखाली बाहेरून सोडतात. आपल्याकडे वाळ्याच्या ताट्या होत्या, दारा-खिडक्यांना बाहेरून लावून त्यांवर पाणी मारायचे. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांचा खोल व्हरांडा हाही एक प्रकारे पडदाच. आणि बांबूची चिक तर आहेच. स्वस्त, हलकी, वारा येऊ देणारी, संध्याकाळी दोरी ओढली की गुंडाळली. शिवाय बांबू आपल्याच विदर्भातला, गडचिरोली-चंद्रपूरकडचा. हिरवी जाळीही चालते, पण तिच्यातून येणारा उजेड असा असतो की माणूस आजारी दिसतो. असो.

आता कूलर. हा मुद्दा कुठल्याही इंटिरियरच्या मासिकात सापडणार नाही, कारण ती मासिकं नागपुरात निघत नाहीत. कूलर पाणी बाष्प करून हवा गार करतो. ती दमट झालेली हवा बाहेर जायला वाट लागते. कूलर एका खिडकीत आणि समोरच्या खिडकीवर जाड पडदा घट्ट ओढलेला, असं केलंत की तासाभरात खोलीत चिकचिक सुरू. मग लोक कूलरला शिव्या देतात. कूलरच्या खोलीत समोरची खिडकी निदान चार बोटं उघडी हवी, तिला बाहेरून चिक आणि आतून पातळ सुती पडदा. (सुती कापड एकदा धुवून मगच शिवायला टाका, आटतं.) एसीच्या खोलीत सगळं उलटं. खिडकी बंद, जाड अस्तराचा पडदा, दोन्ही बाजूंनी भिंतीवर वीतभर पुढे जाणारा. दोन्ही वापरत असाल तर डबल रॉड लावा, पातळ आणि जाड असे दोन पडदे. झेब्रा ब्लाइंड्सबद्दल विचाराल तर कूलरच्या वाऱ्यात ते रात्रभर खडखड करतात आणि धूळ पुसताना माणूस संन्यास घेतो. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना धुळीचं वेगळं सांगायला नकोच.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीचं पत्र. बाल्कनी आणि खिडक्यांबाहेर लावलेल्या चिका आणि जाळ्या आठ दिवसांत काढा, एलिव्हेशन खराब दिसतं. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांची खोली पश्चिमेला, वरच्या मजल्यावर. एसीत त्यांचे गुडघे धरतात, त्यामुळे कूलर. ती चिक काढली तर दुपारी त्या खोलीत बसता येत नाही, इतकं साधं आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले तेव्हा नंतर सेन्सरचा दोष निघाला, पण बातमी वाचून आमच्या गल्लीत कुणालाही ती खोटी वाटली नव्हती!

कमिटीचा एक मुद्दा मला मान्य आहे. वळवाच्या वादळात सातव्या मजल्यावरून बांबू खाली पडला तर कुणाचं तरी डोकं फुटेल. मग तसा नियम करा ना. चिक खालून ग्रिलला दोन हुकांनी बांधलेली हवी, वारा सुटला की गुंडाळायची, सगळ्यांची एकाच रंगाची हवी, जो काय रंग ठरवाल तो. पण सरसकट बंदी का? एसीची डबडी बाहेर लटकलेली चालतात, ती गरम हवा शेजारच्या खिडकीकडे फेकतात तेही चालतं, त्यांच्या पाइपातून खालच्याच्या वाळवणावर पाणी ठिबकतं तेही चालतं. चिक दिसली की मात्र एलिव्हेशन बिघडतं.

मी लेखी उत्तर दिलंय, चिक अजून जागेवर आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता क्लब हाऊसमध्ये सभा ठेवली आहे. क्लब हाऊसला पश्चिमेकडे भिंतभर काच आहे आणि पडदा एकही नाही. तिथेच बोलू म्हटलं.