जनरेटरचं धुराडं कुणाच्या खिडकीत?

सोसायटीच्या सभेची नोटीस जिन्याखाली लागली की ‘ते बघतील’ म्हणून आपण पुढे जातो. पण विषयपत्रिकेत ‘जनरेटर बसविणे’ असं असेल, तर ओटा जरा तसाच ठेवून सभेला जाच. किंमत आणि वर्गणी यांवर तासन् तास जातात आणि धूर कुठून जायचा हे मात्र शेवटी जनरेटरवाल्यावर सोपवलं जातं. तो आपला पाइप वाचवतो! दिवसभर घरात असणार आपण, तान्हं मूल आणि दमेकरी सासूबाई.

मीरा रोडचं शांती नगरच घ्या. इमारतीला इमारत लागून, मधल्या जागेत गाड्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा लिफ्टची आणि पाण्याच्या पंपाची किंमत अनेकांना कळली असेल. तेव्हा जनरेटर नकोच, असं मी म्हणत नाही. पण अशा दाटीत धुराचं तोंड पहिल्या मजल्याशी ठेवलं, तर तो धूर वर चढत प्रत्येक खिडकीत डोकावतो. दुपारी समुद्राकडचा वारा, रात्री बहुधा उलटा. म्हणजे आज तुमची पाळी, तर रात्री समोरच्यांची.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा यासाठी साधा हिशेब आहे. जनरेटर जितक्या के.व्ही.ए.चा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला ०.२ ने गुणा. तितके मीटर धुराडं इमारतीच्या उंचीपेक्षा वर हवं. २५ के.व्ही.ए.ला एक मीटर, १०० ला दोन. म्हणजे पाइप गच्चीच्याही वर गेला पाहिजे. ‘वरच्या मजल्यापर्यंत नेलाय की’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

एक पळवाट फार वापरतात. पाइप बाहेरून न नेता न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात त्या डक्टमधून चढवायचा, म्हणजे दर्शनी भिंत खराब दिसत नाही. मला तर ही कल्पना धोक्याचीच वाटते. सांधा कुठे निसटला, की धूर थेट मोरीत. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि बाईला वाटतं पित्त झालं. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २०१२ साली जाहीर केलं आहे.

आता पाइप उंच नेला की दुसरी अडचण. फुंकणी बारीक असली तर फुंकताना गाल दुखतात ना? तसंच इंजिनाचं. लांब पाइप, त्यात चार-पाच काटकोनी वळणं, की धूर बाहेर ढकलायला जोर पडतो. डिझेल जास्त जळतं, काजळी वाढते, इंजिन तापतं. म्हणून उंची वाढली की पाइप जाड घ्यायचा, वळणं थोडी आणि मोठ्या गोलाईची. किती जाड, ते इंजिनच्या कंपनीने ठरवलेल्या दाबाच्या मर्यादेवरून काढतात. तो आकडा लेखी मागा. दोन जनरेटर असतील तर दोघांना दोन पाइप. एकच केला तर बंद इंजिनात चालू इंजिनाचा धूर आणि ओल शिरते.

ओल कुठली, म्हणाल. लिटरभर डिझेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, बरं का. थंड पाइपात त्यातलं काही परत पाणी होऊन खाली उतरतं. म्हणून तळाशी निचऱ्याची तोटी हवी आणि गच्चीवरच्या तोंडाला पावसाची टोपी; आपल्याकडच्या जुलैत तर हवीच हवी. मात्र ती धुराने उघडणारी असावी, तोंड दाबून धरणारी नव्हे.

इंजिनाजवळ धूर चारशे-पाचशे अंशांवर असतो. तिथे कंपन झेलणारा लवचीक तुकडा लागतो. मुलांचा हात पोचेल त्या उंचीपर्यंत पाइपाला खनिज लोकरीचं वेष्टन आणि वर पत्रा हवाच, आणि भिंतीतून जातो तिथे भोक पाइपाहून मोठं ठेवून नळी बसवावी, म्हणजे प्लास्टर तडकत नाही. वाळत घातलेले कपडे पाइपापासून लांबच.

सभेत एवढंच विचारा: धुराचं तोंड नेमकं कुठे येणार, ते नकाशावर दाखवा. तो नकाशा इतिवृत्ताला जोडून घ्या, आणि मग वर्गणीला हो म्हणा.