ओरडू नका, कुजबुजा!

बालमित्रांनो, घरातल्या छोटीने पाणी सांडले, की तुम्ही काय करता? तिच्यावर खेकसता ना? खरं सांगा हं!

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये चिमुकल्यांसाठी 'मुलांचे घर' काढले. त्यांच्या पद्धतीच्या वर्गात नियम मोजकेच. वस्तू जिथून घेतली तिथेच ठेवायची. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. प्रत्येक साधन एकच, म्हणून आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. आणि पाणी सांडले तर? रागावणे नाही, छडी नाही. फडके घ्यायचे नि आपणच पुसायचे!

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी साध्या, स्वस्त साधनांनी बालवाडी चालवली. मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली!

माँटेसरीबाईंच्या वर्गात शांततेचा एक खेळ असतो. सगळे अगदी स्तब्ध बसतात. बाई दुरून हळूच एकेकाचे नाव घेतात. ज्याचे नाव आले, त्याने पाऊल न वाजवता त्यांच्याकडे जायचे. शेवटच्या भिडूला किती वेळ दम धरावा लागत असेल!

नागपूरकर दोस्तांनो, आज संध्याकाळी छोटीबरोबर हा खेळ खेळा. कूलर चालू असेल तर घटकाभर बंद करा. घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येईल. आणि आई-बाबा, नावे तुम्ही घ्यायची, पण कुजबुजत! दहा हाका मारूनही न येणारी छोटी चोरपावलांनी येते की नाही, बघाच.