सगळ्यात मागच्या सायकलीचा वेग

दिवाळीनंतर नाशिकची हवा कोरडी आणि गार होते, तसे रविवारी पहाटे गंगापूर रस्त्यावर सायकलींचे लाल दिवे लुकलुकू लागतात. कुणी गंगापूर धरणाकडे निघालेले असते, कुणी त्र्यंबकेश्वरच्या दिशेने, तर कुणी सोमेश्वरपर्यंत जाऊन परत फिरणारे. वाटेत चहा, परतताना मिसळ आणि घरी पोहोचल्यावर मोबाइलवर किलोमीटरची बेरीज. शहरातल्या सायकल क्लबांनी गेल्या दीड दशकात ही सवय रुजवली, याबद्दल त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र त्या बेरजेत एक हिशेब राहून जातो. सायकलीचा सर्वांत जास्त फायदा ज्याला होऊ शकतो, तो माणूस या घोळक्यात आहे का?

नाशिकचे नाव सायकलीच्या नकाशावर आले ते मोठ्या पराक्रमांमुळे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात, नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ होता. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा त्यांची नेमणूक नाशिकमध्येच होती. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनच्या पंढरपूर सायकलवारीत दरवर्षी आषाढीच्या आधी शेकडो सायकलस्वार निघतात. अशा शहरात ‘शंभर किलोमीटर झाले’ या वाक्याला वजन येणे स्वाभाविक आहे. ‘पंधरा किलोमीटर केले, गप्पा मारत केले’ हे सांगायला मात्र माणूस थोडा ओशाळतो. आरोग्यशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ओशाळण्याचे काहीच कारण नाही.

ताशी सोळाची रेघ

शरीराला किती श्रम पडतात, हे मोजण्यासाठी ‘मेट’ नावाचे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते, ती एक मेट. ताशी १६ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, सपाट रस्त्यावर आरामात सायकल चालवली, तर साधारण चार मेट लागतात. म्हणजे बसून राहण्याच्या चौपट. हा मध्यम व्यायाम झाला. वेग ताशी १६ ते १९ पर्यंत गेला, की तोच आकडा पावणेसातच्या आसपास पोहोचतो. सहा मेटच्या पुढचे काम वैद्यकशास्त्रात जोरकस श्रमांत मोजतात. घोळक्यातल्या पुढच्या स्वाराने वेग थोडा वाढवला, तर त्याला त्याचे काही वाटत नाही. मागच्या नवख्याच्या हृदयाला मात्र वेगळ्याच प्रतीचे काम लागते.

ही रेघ का महत्त्वाची, हे अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना, झटक्यापूर्वीच्या तासाभरात त्यांनी काय केले होते, हे विचारण्यात आले. सहा मेट किंवा त्याहून जास्त श्रम केल्यावर पुढच्या तासाभरात झटक्याचा धोका सरासरी सहापट होता. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ जेमतेम अडीचपट होती. जे क्वचितच अंग हलवत, त्यांच्यात मात्र ती शंभरपटीहून अधिक निघाली. एका तासात झटका येण्याची मूळ शक्यता अतिशय कमी असते, त्यामुळे पट वाढली तरी घाबरून घरी बसावे असे यात काही नाही. बसून राहण्याचा धोका दीर्घकाळात कितीतरी मोठा आहे. या अभ्यासाचा अर्थ एवढाच, की ज्याला सवय नाही त्याने सावकाश सुरुवात करावी आणि जो त्याला सोबत नेतो, त्याने ती करू द्यावी.

हिवाळ्याच्या पहाटे ही काळजी अधिक घ्यायला हवी. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात तेव्हा नाशिकचीही पहाट बोचरी असते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. गरम अंथरुणातून उठून दहा मिनिटांत चढावर जोर लावणे हे पन्नाशीतल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी योग्य नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटे अगदी हळू, हा नियम क्लबने सर्वांसाठीच करावा.

वेग मोजायला घड्याळाची किंवा छातीला बांधायच्या पट्ट्याची गरज नाही. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम श्रमांचा वेग. एकेका शब्दावर दम लागत असेल, तर वेग कमी करावा. डॉक्टरही हीच कसोटी सांगतात. गप्पा मारत जाणारी राईड त्यामुळे कमी दर्जाची ठरत नाही. ती अचूक मात्रेतली असते.

रविवार किती पुरतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. रविवारची दोन तासांची निवांत राईड म्हणजे १२० मिनिटे. उरलेली तीस मिनिटे आठवड्यात भाजी आणायला, वाचनालयात किंवा मुलाला शिकवणीला सोडायला सायकलने गेले तरी भरून निघतात. सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही, एकूण मिनिटे भरत असतील तर, हृदयाच्या दृष्टीने चांगला फायदा होतो, असे अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत दिसले आहे.

मधुमेहींसाठी मात्र केवळ रविवार पुरत नाही. स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. हा परिणाम एक ते तीन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू नये, असा सल्ला दिला जातो. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि त्यांच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक लोक आहेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. हे पाहता रविवारच्या राईडकडे आठवड्याच्या सवयीचे दार म्हणून पाहायला हवे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि ते कुठे आहे, हे शेजारच्या स्वाराला सांगून ठेवावे.

सायकलीकडून नको त्या अपेक्षाही नसाव्यात. सत्तर किलो वजनाच्या माणसाने निवांत वेगाने वीस किलोमीटर सायकल चालवली, तर सुमारे ४०० कॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या शंभरेक घरी बसूनही झाल्याच असत्या. तर्रीदार मिसळ, तीन-चार पाव, दही, पापड आणि वर जिलेबी, एवढे ताटात आले की जमाखर्च कुठे जातो, हे सांगायला नको. मिसळ जरूर खावी. वजन उतरेल म्हणून खाऊ नये, इतकेच. सायकलीने हाडेही फारशी बळकट होत नाहीत, कारण शरीराचा भार सीटवर असतो. त्यासाठी चालणे, जिने चढणे, वजन उचलणे हवे. भार सीटवर असल्यामुळेच गुडघे दुखणाऱ्यांना सायकल चालण्यापेक्षा सोपी जाते. मात्र सीटची उंची योग्य हवी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली असेल, तर चांगला गुडघाही दुखू लागतो.

घोळक्यात कोण नाही?

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. म्हणजे ज्यांना सायकलीची सर्वांत जास्त गरज, त्यांत स्त्रिया अधिक. अनेकींनी लहानपणी भावाच्या सायकलीच्या नळीत पाय घालून दोन-चार चकरा मारल्या आणि तेवढ्यावरच सायकल सुटली. काहींनी कधी हात लावलाच नाही. ‘सकाळी साडेपाचला अमुक ठिकाणी जमा’ असा निरोप त्यांच्यासाठी नसतोच. त्या वेळी घरात पाण्याची मोटर, डबे आणि शाळेची तयारी सुरू असते. साडेआठची राईड, बंद मैदानावर शिकवणी आणि उसनी मिळणारी साधी सायकल या तीन गोष्टींनी जे साधेल, ते महागड्या सायकलीच्या जाहिरातीने साधणार नाही.

दुसरा गैरहजर माणूस तर रोज सायकल चालवतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे कामगार, दूध आणि वर्तमानपत्र पोहोचवणारे, बांधकामावरचे मजूर. हेल्मेट नाही, मागे दिवा नाही, पण आठवड्याची मिनिटे केव्हाच भरलेली. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सायकलने कामावर जाणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण, गाडी किंवा बसने जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. तिथल्या आणि इथल्या परिस्थितीत फरक आहे. तरी दिशा स्पष्ट आहे. क्लबांनी या मंडळींना आरोग्याचे धडे देण्याची गरज नाही. त्यांच्या सायकलींना दिवे लावून देणे आणि रस्त्यावरच्या हक्काची मागणी करताना त्यांना सोबत घेणे, हे काम मोलाचे ठरेल.

यावर जुन्या सायकलस्वारांची एक तक्रार असते. सगळेच हळू चालवायला लागले, तर तयारीच्या मंडळींनी काय करायचे? तक्रार रास्त आहे. त्यांच्यासाठी वेगळी राईड असावी, कसारा घाट असावा, शंभर-दोनशे किलोमीटर असावेत. एकाच घोळक्यात दोन वेग ठेवू नयेत, एवढेच म्हणणे आहे. निवांत राईड म्हणून बोलवायचे आणि मग पुढच्या चौघांनी धरणापर्यंत शर्यत लावायची, हे नवख्याला अपमानास्पद वाटते. तो पुढच्या रविवारी येत नाही. क्लबच्या फोटोत मात्र त्याची उणीव कधीच दिसत नाही. निवांत राईडचा वेग आधीच जाहीर करावा. पुढे एक आणि सगळ्यात मागे एक अनुभवी स्वार ठेवावा आणि मागचा जेवढा वेग धरेल, तेवढाच पुढच्याने धरावा. पंढरीच्या वाटेवरची दिंडीही अशीच चालते. म्हातारा वारकरी मागे पडला, तर दिंडी त्याला टाकून पुढे जात नाही.

रस्त्याचे काय?

हे सगळे रस्ता धड असेल तर. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये मांडलेल्या एका हिशेबात, छोट्या प्रवासासाठी गाडी सोडून सायकल धरणाऱ्याचे आयुष्य व्यायामामुळे ३ ते १४ महिन्यांनी वाढते, तर अपघाताच्या धोक्यामुळे ५ ते ९ दिवसांनी आणि प्रदूषणामुळे जास्तीत जास्त ४० दिवसांनी घटते, असे दिसले. फायद्याचे पारडे तिथे जड आहे. पण ते तिथल्या वेगळ्या राखलेल्या सायकलमार्गांच्या भरवशावर. डंपर, अचानक उघडणारे गाडीचे दार आणि उलट्या दिशेने येणारी दुचाकी असलेल्या रस्त्यावर ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

नाशिकसाठी ही बाब आत्ताच महत्त्वाची आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची मोठी कामे ठरली आहेत. कुंभमेळा संपेल, रस्ते पुढची कित्येक वर्षे राहतील. त्यांची आखणी करताना सायकलीसाठी जागा सोडली, तर ती मिळेल. नंतर ती मागून मिळत नाही, हा बहुतेक शहरांचा अनुभव आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकापासून रविवारी सकाळी मोठे रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवतात. आज तिथे शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते त्या वेळेत सायकली आणि पादचाऱ्यांचे होतात. नाशिकने शंभर किलोमीटरचा हट्ट धरू नये. गोदाकाठचा एखादा टप्पा महिन्यातून एका रविवारी तीन तास मोकळा ठेवला, तरी आजी, नात आणि नुकती शिकलेली गृहिणी तिथे सायकल चालवू शकतील.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. हृदयविकार, जुना मधुमेह किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. पहिल्या महिन्यात आठ-दहा किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, यांपैकी काही जाणवले तर थांबावे, सोबतच्याला सांगावे आणि थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत पुढे जाण्याची भीड पडते, ती घोळक्यात सर्वांत जास्त पडते. म्हणून थांबणाऱ्याची थट्टा न करणे, हासुद्धा सुरक्षिततेचाच नियम आहे.

अमेरिका पार करणारे सायकलस्वार नाशिकला यापुढेही मिळतील. त्यांना क्लबच्या आधाराची गरज असते, पण सायकलवर बसवण्यासाठी कुणाच्या आग्रहाची नसते. आग्रहाची गरज असते ती बावन्नाव्या वर्षी, वाढलेल्या साखरेचा कागद हातात घेऊन, माळ्यावरची धूळ खाल्लेली सायकल खाली काढणाऱ्याला. वर्षअखेरीस क्लबांनी किलोमीटरच्या बेरजेबरोबर आणखी एक आकडा जाहीर करावा. या वर्षी पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनीही येत आहेत? शहराची तब्येत त्या आकड्यावरून कळेल.