राहणाऱ्याच्या बाजूने

कोकणातल्या वाडीत पदवी घेतलेला मुलगा दिसला की एक प्रश्न ठरलेला असतो: ‘गावाक रवान काय करतलस?’ विचारणारा बहुधा सणाला आलेला चाकरमानी काका असतो. उत्तराची त्याला गरज नसते. हुशार होता तो गेला आणि कुठे लागला नाही तो राहिला, हा निकाल त्याने आधीच दिलेला असतो. या निकालामागे तीन कारणं सांगतात: गावात काम नाही, पैसा नाही आणि गावात राहणाऱ्याला मुलगी मिळत नाही.

काकांचा पक्ष अगदीच पोकळ नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची चक्क घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कर्ते पुरुष बाहेरगावी होते. उताराची जमीन, भाताचं एकच पावसाळी पीक आणि महिन्याला येणारी मनीऑर्डर यांवर इथली घरं चालली. मुंबईने कोकण जगवलं, हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण आजोबा गिरणीत गेले तेव्हा त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. नातवापुढे ती आहे. आजोबांची नड नातवाने नियम म्हणून का पाळावी?

आता काम. हंगामात रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत फिरून या. राखणीला आणि काढणीला नेपाळहून आलेली माणसं जागोजाग भेटतील. मच्छीमार नौकांवरच्या खलाशांतही ती आहेत. ज्या गावात काम नाही म्हणून आपण रात्रीची गाडी पकडतो, तिथे कामासाठी माणसं हिमालयाच्या पायथ्याहून येतात. ‘पदवीधराने मजुरी करायची का?’ हा आक्षेप रास्त आहे. पण जिथे एवढे मजूर लागतात तिथे धंदा आहे आणि धंद्याला चालवणारा लागतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची नोंदणी करून, प्रतवारी लावून थेट गिऱ्हाइकाला पेटी पोचवणारा शिकलेला माणूसच त्याचं मोल वसूल करू शकतो. काजूचं बघा. गोव्याने काजूच्या फळाची, म्हणजे बोंडूची, फेणी करून तिला २००९मध्ये मानांकन मिळवलं. आपल्याकडे बी काढून घेतली की बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतो. दारूचे कायदे निराळे आहेत, मान्य. पण बोंडूच्या सरबताला कुणाची बंदी आहे?

काम बागांपुरतंच नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्रकासवांची अंडी पूर्वी खाल्ली, विकली जायची. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा बघायला पर्यटक येऊ लागले आणि गावातल्या घरांतच उतरू लागले. मालवण-तारकर्लीत गावची मुलं पर्यटकांना पाण्याखाली उतरवतात. समुद्र तोच आहे. त्यातून होणारी कमाई तेवढी नवी आहे.

पैशाचा मुद्दा अधिक खरा आहे. मोहोर करपला की आंब्याचं वर्ष बुडतं. म्हणून राहणारा तरुण कलमांबरोबर रोपवाटिका लावतो, दोन खोल्या पर्यटकांना देतो, पावसाळ्यात भात करतो. काकांना यात ‘धड एक काम नाही’ एवढंच दिसतं. लहरी हवेच्या मुलखात चार ठिकाणांहून थोडंथोडं मिळवणं हेच शहाणपण आहे. पगाराच्या पावतीवर ते मोजता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

राहिली मुलगी. स्वतः बागायतदार असलेला बापही जावयाची मुंबईत खोली आहे का, हे आधी विचारतो. त्याला हसणं सोपं आहे. पण मुलीचा नकार नीट ऐकला, तर तो गावापेक्षा गावातल्या तिच्या जागेला असतो. मिळकत नाही, कागदावर नाव नाही, बाळंतपणाला गाठावं लागणारं इस्पितळ दूर. वेंगुर्ल्यात बायकांचा बचत गट कांदळवनाची सफर चालवतो, पाहुण्यांना होडीतून खाडी दाखवतो. अशी मिळकत तिच्या हाती आली, तर तीही गाव निवडेल. नाहीच निवडलं, तर तोही तिचा हक्क.

काकांइतकेच चुकतात ते मोबाइलवरच्या चित्रफितींतून कौलारू घराचे गोडवे गाणारे. राहणं म्हणजे त्याग नाही आणि तपश्चर्या तर नाहीच. गाव सुंदर आहे म्हणून तिथे रस्ता आणि डॉक्टर नसले तरी चालतील, असं त्यांच्या कौतुकातून निघतं. राहणाऱ्याला ते परवडत नाही.

मग त्याला हवं तरी काय? सर्वात आधी जमिनीचा निर्वेध कागद. कोकणातल्या कित्येक सातबाऱ्यांवर निवर्तलेल्या पणजोबांपासून मुंबई-पुण्यातल्या चुलत्यांपर्यंत नावांची रांग असते. जमीन कसणाऱ्याला विहीर काढायची तर सगळ्यांची संमती लागते. कर्ज किंवा अनुदान मागायला गेलं की अमक्याची सही आणा म्हणतात. सही देणारा अंधेरीला किंवा डोंबिवलीला असतो. म्हणजे ‘गावात राहून काय करणार’ असं विचारणाऱ्या काकांचीच सही पुष्कळदा अडलेली असते. ‘गावात काही होत नाही’ हा त्यांचा पुरावा त्यांनी स्वतःच तयार केलेला आहे.

यावर उपाय आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार सहहिस्सेदारांना तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं. एकमत असेल तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वाटप नको असेल, तर कसणाऱ्याच्या नावे सगळ्यांनी लेखी संमती तरी करून द्यावी. मग प्रत्येक कामाला सह्यांसाठी त्याला थांबावं लागत नाही. गणपतीला सगळे हिस्सेदार एकाच घरात जमतात. आरत्या झाल्यावर एक संध्याकाळ या कागदांसाठी काढावी. ते जमणार नसेल, तर काकांनी निदान तो प्रश्न विचारणं बंद करावं.