गेल्या वर्षीचा गाळ यंदा पुन्हा कुठून आला?

मे महिना उजाडला की मुंबईत आणि पुण्यात नालेसफाईचे टक्के जाहीर होऊ लागतात. प्रशासन एक आकडा सांगते, विरोधक त्याच नाल्यात उतरून दुसरा सांगतात. मग वजनकाट्याच्या पावत्या, डंपरचे व्हिडिओ, कंत्राटदाराला दंड. जूनमध्ये पहिल्या दणक्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की ते सगळे टक्के पाण्यात जातात. हे नाट्य मीही वर्षानुवर्षे वृत्तांकनात वापरत आलो आहे, कारण त्यात बातमी असते. पण गेल्या वर्षी खणून नेलेला गाळ यंदा पुन्हा आला कुठून, हा प्रश्न या भांडणात कुणीच विचारत नाही.

गाळात सांडपाण्याची घाण, प्लास्टिक आणि राडारोडा असतोच. काट्यावर भारी पडते ती मात्र माती, मुरूम आणि वाळू. पाण्याला वेग असतो तोवर ते माती उचलून नेते. वेग मंदावला की असेल तिथे टाकते. टेकडीच्या उतारावर उचललेली माती म्हणून सपाटीवरच्या चेंबरमध्ये बसते. मुंबईत तर भरतीच्या वेळी समुद्रच नाल्यांची तोंडे अडवतो आणि आतले पाणी जवळपास थांबते. नऊशे मिलिमीटरच्या ह्यूम पाईपमध्ये पाव उंचीपर्यंत गाळ साचला, तर पाणी जायच्या जागेपैकी सुमारे पाचवा हिस्सा गेला. गाळाचा तळ खडबडीत असल्याने उरलेले पाणीही रेंगाळते, आणि रेंगाळते म्हणून आणखी गाळ टाकते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कपाटात पडलेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाला जाग आली. ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या वाहिन्या ताशी 50 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा करायच्या, उदंचन केंद्रे उभारायची, असा तो आराखडा. खर्च अफाट झाला आणि तो करायलाच हवा होता. फक्त, ताशी 50 मिलिमीटर ही रिकाम्या वाहिनीची क्षमता आहे.

पुण्यातला आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आलेल्या पुरात त्याने काय केले, हे सहकारनगरच्या लोकांना सांगायला नको. अरुंद केलेले पात्र, अतिक्रमणे, तोकडे कल्व्हर्ट, थोड्या वेळात कोसळलेला पाऊस, सगळी कारणे चर्चेत आली. त्यानंतर कामेही झाली, पण ती बहुतेक ओढ्याच्या काठाला. वरच्या अंगाला, कात्रज-आंबेगावच्या बाजूला, टेकडीफोडीच्या तक्रारी येतच राहिल्या. पोकलेनने उतार कापला की आधी गवत जाते. गवतावर पडणारा थेंब पात्यावरच फुटतो. उघड्या मुरमावर तो कण सुटा करतो, दोन पावसांत बोटभर ओघळी पडतात, आणि महिनाभरात त्यांच्या घळी होतात. समाविष्ट 23 गावांतल्या 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. त्यावरचा वाद झाडे, हवा आणि मोबदला यांभोवती फिरतो. त्या टेकड्या म्हणजे शहराच्या पावसाळी गटारांचा वरचा भाग आहेत, हे कुठल्याच बाजूचे वकील सांगत नाहीत.

गंमत अशी की हे शास्त्र महाराष्ट्राला शिकवायची गरजच नाही. ‘माथा ते पायथा’ हा मंत्र इथल्या पाणलोट कार्यकर्त्यांना पाठ आहे: आधी डोंगरावर सलग समतल चर, मग बांधबंदिस्ती, मग दगडी आणि गॅबियन बंधारे, नाल्याचे काम सर्वांत शेवटी. हिवरे बाजार पाहायला लोक बसगाड्या करून जातात. जलयुक्त शिवारमध्ये नाला खोलीकरणावरच भर राहिला, तेव्हा अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी हा क्रम मोडल्याचा आक्षेप घेत उच्च न्यायालय गाठले होते. शहरात मात्र आपण दरवर्षी पायथ्यापासून सुरुवात करतो आणि पायथ्यालाच थांबतो.

बांधकामांच्या जागांचेही तेच. ऑक्टोबर 2023 मध्ये हवा बिघडली तेव्हा मुंबई महापालिकेने 70 मीटरपेक्षा उंच इमारतींच्या कामाभोवती 35 फुटी पत्रे सक्तीचे केले, डंपरची चाके धुऊनच बाहेर सोडा असे सांगितले. चांगलेच केले. पण जानेवारीत उडणारी धूळ आणि जुलैत वाहणारा चिखल यांची माती एकच. पत्र्याच्या खालच्या फटीतून तांबडे पाणी रस्त्यावर येते, ते कुणी पाहायचे? अमेरिकेत एक एकर किंवा जास्त जमीन उकरणाऱ्या कामाला पावसाच्या पाण्याचा वेगळा परवाना लागतो आणि माती जागेवर कशी अडवणार, ते आधी लिहून द्यावे लागते. अडवायला फार काही लागत नाही: उताराच्या खालच्या कडेला चर, पाणी थोडे थांबेल असा खड्डा, ढिगांवर ताडपत्री, आणि उतारावरची नवी खोदाई मेअखेर बंद. बांधकाम परवानगीत या चार अटी घालून जोते तपासणीच्या वेळी त्या पाहता येतील. एका मजल्याच्या टाइल्सपेक्षा हा खर्च कमी असेल, असा माझा अंदाज.

आणखी एक काम यंदाच करता येण्यासारखे आहे. काढलेल्या गाळाचे वजन आपण छापतो. त्यात काय होते, हे जाहीर झालेले मी तरी पाहिलेले नाही. प्रत्येक नाल्याच्या गाळाचे दोन-चार नमुने जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चाळणी चाचणीला द्यावेत. ही चाचणी विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करतातच. ताजा मुरूम निघाला, तर त्या नाल्याच्या वरच्या अंगाला खोदाईची परवानगी कुणाला दिली होती, हे महापालिकेच्या दप्तरात सापडेल. परवानगीच नसेल, तर क्षेत्रीय कार्यालयाकडे तेवढीच चौकशी करायची.